चोवीस ओळींचं गाव

गुरुवारी दुपारी तीन वाजता ताई गेल्या. त्या वेळी आमच्या खेळाचा सर्व्हर चालू होता. आत चौघे बोलत होते.

ताईंची आठवण काढली की मला आधी त्यांचा डावा हात दिसतो. समोरचा माणूस काही विचारू लागला की त्या कीबोर्ड टेबलाच्या कडेपर्यंत त्याच्याकडे सरकवत आणि म्हणत, "लिहून बोल." हे माझ्यासाठी. विद्यार्थ्यांसाठी तेच हिंदीत, "लिख के बताओ, बेटा." मग मुलगा उभ्या उभ्या आपला प्रश्न टाइप करी. लिहिता लिहिता निम्म्या वेळा त्यालाच उत्तर सापडे आणि तो ओशाळून परत जाई. कॉलेजात सगळे म्हणत की मॅडमची शिस्त कडक आहे, पण पद्धत चांगली आहे.

ती शिस्त नव्हती. ताईंना ऐकू येत नव्हतं.

लहानपणी ताप आला त्यात उजवा कान गेला होता. पस्तिशीनंतर डावाही हळूहळू मिटत गेला. हे झाशीतल्या आमच्या तंत्रनिकेतनात बरीच वर्षं फक्त मला माहीत होतं. त्या संगणक प्रयोगशाळेत सहायक होत्या, मी त्याच मजल्यावर ग्रंथपाल. दोघांची घरं प्रेम नगरात आणि दोघंही मराठी. आमच्या लोकांना इथे येऊन इतक्या पिढ्या झाल्या, की मूळ गाव विचारलं तर आम्ही झाशीच सांगतो. ताई मला "भैया" म्हणत आणि पुढचं सगळं मराठीत बोलत. आमच्याकडे ते कोणाला विचित्र वाटत नाही.

बहिरेपण लपवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती हसतात जास्त, मान डोलावतात जास्त. ताईंची युक्ती वेगळी होती. त्या आधी बोलायला सुरुवात करत आणि थांबतच नसत, म्हणजे समोरच्याला विचारायला जागा उरत नसे. ही युक्ती एकदा फसली. मराठी मंडळाच्या बैठकीला त्या गेल्या होत्या, घसा बसलेला होता, म्हणून गप्प बसून मान डोलावत राहिल्या. बाहेर आल्यावर मी कागदावर लिहून सांगितलं की गणपतीच्या दहाही दिवसांच्या प्रसादाची जबाबदारी त्यांनी आनंदाने स्वीकारली आहे.

"दहाही?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तू काय करत होतास तिथे?"

"मला वाटलं, तुम्हाला हौस आहे," मी लिहिलं.

त्यांनी दहाही दिवस प्रसाद केला. पण मंडळात त्या परत कधी गेल्या नाहीत.

खेळाचं असं झालं. ताईंचा एक भाचा कानपूरला शिकत होता. त्याने एका सुट्टीत अकरा फ्लॉप्या आणून दिल्या. त्यांत एका खेळाचा प्रोग्रॅम होता, फुकट वाटला जाणारा, कोणीही घ्यावा आणि आपल्या यंत्रावर चालवावा असा. त्या खेळात चित्र नव्हतं. काळ्या पडद्यावर फक्त अक्षरं. "तू एका चौकात उभा आहेस, उत्तरेला रस्ता आहे" असं यंत्र लिहिणार, तुम्ही "उत्तर" असं लिहिलं की पुढची जागा येणार. एका वेळी अनेक जण त्यात शिरणार, एकमेकांना भेटणार, बोलणार, राक्षसांशी लढणार. ज्या यंत्रावर हे सगळं चालतं तो सर्व्हर.

ताईंना खेळात रस नव्हता. त्यांना तो प्रोग्रॅम कंपाइल करून पाहायचा होता. म्हणजे माणसाने लिहिलेल्या त्या शेकडो पानांतून यंत्राला चालवता येईल अशी एक वस्तू तयार करायची. हे काम करणारा कंपायलर नावाचा प्रोग्रॅम असतो. मजकुरात काही चुकलं तर तो थांबतो आणि कुठे चुकलं ते सांगतो. ताईंना तो फार आवडे. "या कॉलेजात माझी चूक ओळ नंबरासकट सांगणारा हा एकटाच," त्या म्हणत. "बाकीचे नुसते तोंड हलवतात."

अकरांतली सहावी फ्लॉपी खराब निघाली. तिच्यावर नेमका लढाईचा भाग होता. कंपायलर रोज त्याच नावांसाठी अडून बसे. वार करणं कुठे आहे, जखम कुठे आहे, मरणं कुठे आहे? भाच्याकडची मूळ प्रत पुसली गेली होती. चौथ्या दिवशी ताईंनी त्या सगळ्या नावांच्या रिकाम्या जागा बनवल्या. कंपायलरने विचारलं, मरणं आहे का? ताईंनी लिहून दिलं, आहे, पण त्यात काही होत नाही. प्रोग्रॅम कंपाइल झाला आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी मुलं तुटून पडली. त्यांत टहरौलीहून आलेला, पहिल्या वर्षातला एक मुलगा सगळ्यांच्या पुढे होता. अर्ध्या तासाने तो ताईंच्या टेबलापाशी आला. कीबोर्ड सरकवायची वाट न पाहता त्याने स्वतःच ओढून घेतला आणि लिहिलं, "मैडम जी, अजगर को सौ बार तलवार मारी. न वो मरा, न हम."

ताई मोठ्याने म्हणाल्या, "तो फिर बात कर लो उससे."

मुलांनी खरंच बोलायला सुरुवात केली. दुसरं करण्यासारखं त्यात काही नव्हतंच. ताईंनी मग अजगराला चार वाक्यं शिकवली. जो कोणी समोर येईल त्याला तो "जेवलास का?" विचारू लागला. मुलांनी विचारलं, मैडम जी, ये क्या पूछता है? हळूहळू मुलं मराठीत "जेवलो" म्हणायला शिकली. खेळात देवनागरी येत नव्हती. मराठी, हिंदी, बुंदेली, सगळं रोमन अक्षरांत लिहावं लागे.

महिनाभराने दुपारच्या सुट्टीत त्या ग्रंथालयात आल्या. "भैया, ते किल्ले आणि जंगलं काढून टाकायची आहेत मला. आपलं गाव घालू. तू लिही. पुस्तकांत राहतोस, तुला येईल."

मी इलाइट चौराह्याचं वर्णन लिहून दिलं, फुलस्केप तीन पानं. त्यात इतिहास होता, उपमा होत्या. ताईंनी ते शांतपणे वाचलं. "पडद्यावर चोवीस ओळी मावतात," त्या म्हणाल्या. "चोवीस ओळींत मावेल तेवढंच गाव." मग त्यांनी माझ्या वर्णनातल्या जवळजवळ सगळ्या ओळी खोडल्या. दुकानांच्या पाट्या, फळांच्या गाड्या, उन्हाचा रंग हे सगळं त्यांनी माझ्यापेक्षा नेमकं लिहिलं. खाली मोकळी जागा ठेवून पेन्सिलीने एक शब्द लिहिला, आवाज.

"हे तू लिही," त्या म्हणाल्या. "पण आठवून नाही. जाऊन उभा राहा आणि ऐकून ये."

मी गेलो. वयाच्या चाळिशीत वही घेऊन इलाइट चौराह्याच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. तोवर मी त्या चौकातून हजारदा गेलो असेन, पण तिथे ऐकायला कधी थांबलो नव्हतो. टेम्पोवाले सवाऱ्यांना हाका मारत होते, त्यांतल्या एकाचा आवाज शेवटच्या अक्षरावर वर चढे. कुलपाच्या दुकानात कानशीचा आवाज होता. बसचं दार लागताना आधी पत्रा वाजे, मग कंडक्टरची थाप. मी सगळं लिहून आणलं. ताईंनी वही वाचताना मान वर केली नाही. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "कानस अजून आहे होय तिथे."

पुढची दोन वर्षं मी असा गावभर हिंडलो. स्टेशन, भाजीबाजार, आमची गल्ली, पाणी येण्याआधी नळ करतो तो आवाज. प्रत्येक जागेच्या शेवटी ऐकण्यापुरत्या चार ओळी माझ्या. खेळाचं नाव मुलांनी "गांव" ठेवलं. कॉलेजात इंटरनेट आलं तेव्हा पास होऊन दूर नोकरीला गेलेली मुलंही संध्याकाळी गावात डोकावू लागली.

त्या गावात ताई कशा होत्या हे मी पाहिलं आहे. बाहेर चार माणसं एकदम बोलू लागली की त्यांच्या कपाळावर आठी पडे, नजर या तोंडावरून त्या तोंडावर धावे आणि नेहमी एक वाक्य मागे राही. गावात सात-आठ जण एकदम गलका करत आणि ताई प्रत्येकाला उत्तर देत, टोमणे मारत, कोणाची तरी जुनी थाप लक्षात ठेवून महिन्याने पकडत. एकदा त्या मला म्हणाल्या, "कोण बोललं ते आधी येतं, मग काय बोललं ते. एकही शब्द खाली पडत नाही. असं कुठे असतं, भैया?" त्यांचं बोलणं-चालणं म्हणावं असं जे काही होतं, ते सगळं त्या एका यंत्रात होतं. हे मला समजत होतं. म्हणूनच पुढे जे माझ्या हातून झालं ते मला अजून सलतं.

प्रयोगशाळेत नवे संगणक येणार होते. जुने किती काढायचे हे ठरवायला प्राचार्यांनी ताईंना बोलावलं. जुन्या संगणकांची यादी मी करून दिली होती म्हणून मीही गेलो. प्राचार्य टेबलाच्या खणात वाकून काहीतरी शोधत होते. वाकलेले असतानाच त्यांनी विचारलं, "मैडम, कितने हटाने हैं?"

ओठ पाहून ताई थोडंफार ओळखत, पण आता ते दिसत नव्हते. ताई म्हणाल्या, "जी सर, सब बढ़िया चल रहे हैं."

प्राचार्यांनी खणातूनच पुन्हा विचारलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या काहीतरी दुसरं बोलायला सुरुवात करणार होत्या, मला कळत होतं. पण माझा धीर सुटला. मी म्हणालो, "सर, ग्यारह."

प्राचार्यांनी डोकं वर काढलं. माझ्याकडे पाहिलं, मग ताईंकडे. मग हातातली फाइल तोंडापुढे धरून त्यांनी हळूच काही विचारलं. ताई त्या फाइलीकडे पाहत राहिल्या.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. प्रयोगशाळेत वीज असते, मुलं असतात, काही झालं आणि हाक ऐकू आली नाही तर जबाबदार कोण, असं त्यांचं म्हणणं. पगार तोच ठेवून त्यांनी ताईंची बदली स्टोअरमध्ये केली, सायकल स्टँडच्या पलीकडच्या खोलीत. जिना उतरताना ताई म्हणाल्या, "तू बोलला नसतास तर मी अजून दोन वाक्यं ओढली असती. त्यांना खणात सापडलं असतं जे हवं ते." रागाने नव्हत्या म्हणाल्या. काही बोलायचं तर लिहावं लागलं असतं आणि जिन्यात कागद नव्हता.

जुनी यंत्रं पंधरा दिवसांनी लिलावात जाणार होती. गाव त्यांतल्याच एकावर होतं. नव्या यंत्रांतलं एक पुस्तकांच्या यादीसाठी ग्रंथालयाला मिळालं होतं. मी स्टोअरमध्ये जाऊन कागदावर लिहिलं, "गाव माझ्या यंत्रावर आणू या. तुम्ही सांगा, मी करतो."

ताईंनी वाचलं. "तुला येतं का कंपाइल करायला?"

मी लिहिलं, "नाही."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांना येतं ते ऐकत नाहीत."

पहिल्याच दिवशी तीनशेच्या वर चुका आल्या. जुना कंपायलर ज्या गोष्टींकडे काणाडोळा करी, त्या नव्याला खपत नव्हत्या. मी त्या चुका छापून कागदांचा गठ्ठा सायकल स्टँड ओलांडून स्टोअरमध्ये नेई. ताई झाडू आणि खडूच्या खोक्यांमध्ये बसून लाल पेनाने उत्तरं लिहीत. मी परत येऊन ती जशीच्या तशी टाइप करी, पुन्हा कंपाइल करी, पुन्हा छापी. दिवसाला तीन फेऱ्या होत. शिपाई मला म्हणाला, "बाबूजी, प्रेमपत्र इतने लंबे नहीं होते." मी त्याला कागद दाखवला. त्याने तो उलटा-सुलटा करून परत दिला आणि नंतर कधी काही बोलला नाही.

दहाव्या दिवशी चुका चाळीसवर आल्या होत्या. अकराव्या दिवशी अडीचशे झाल्या. मी घाबरून धावत गेलो. ताईंनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं आणि विचारलं, "काल रात्री तू काय केलंस?"

मी कबूल केलं. एका फाइलीच्या सुरुवातीला नावांची लांबलचक यादी होती, कशीही विस्कटलेली. मी ग्रंथपाल. यादी दिसली की वर्णक्रमाने लावायची, हा माझ्या हाताचा धर्म. मी ती नीट लावून ठेवली होती.

ताई इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून कारकून पाहायला आला. "अरे, इथे ज्याची ओळख आधी करून दिली नाही त्याचं पुढे नाव घेता येत नाही. सोयरिकीसारखं आहे हे. तू नवऱ्यामुलाच्या आधी वरात आणून उभी केलीस." बदली झाल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो. यादी पुन्हा विस्कटायला मला दोन दिवस लागले.

लिलावाच्या आदल्या दिवशी दुपारी एकही चूक आली नाही. काही इशारे तेवढे आले, हे बरोबर दिसत नाही, ते जपून करा अशा अर्थाचे. मी ते छापून नेले. ताई म्हणाल्या, "इशारे राहू देत. ते कोणाला नसतात?" मग स्टोअरला कुलूप लावून माझ्याबरोबर ग्रंथालयात आल्या, माझ्या खुर्चीवर बसल्या आणि सर्व्हर सुरू केला. पाच-सात मिनिटं आम्ही रिकाम्या चौकाकडे पाहत होतो. मग एक ओळ उमटली. टहरौलीचा तो मुलगा होता, आता शिकून परत आपल्या गावी मास्तर झालेला. "मैडम जी हैं क्या?"

ताईंनी लिहिलं, "हैं. तुम्हारी आवाज़ आ रही है. बोलो."

त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत रोज दुपारची सुट्टी त्यांनी माझ्या खुर्चीवर काढली. मी खिडकीत बसून डबा खाई. मला त्यांनी माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. त्यांच्या डब्यातली अर्धी वडी रोज माझ्या टेबलावर असे, ती मी खाई.

निवृत्तीनंतर त्या घरून गावात येऊ लागल्या. घरात त्या आणि त्यांच्या विधवा वहिनी, दोघीच. वहिनींना यंत्राचा राग होता. "अहो, मी ओरडते ते सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जातं, यांना सोडून," त्या मला सांगत. "आमच्याकडे आज भाजी कोणती हे कोपऱ्यावरच्या मिश्राजींना ठाऊक असतं." मग एका पावसाळ्यात वहिनी मोरीत घसरल्या आणि पाय मोडून आतल्या खोलीत पडल्या. त्यांची हाक बाहेरच्या खोलीत ताईंपर्यंत पोचेना. मिश्राजी दोनदा धावत आले. तिसऱ्या दिवशी मी वहिनींच्या उशाशी एक जुना लॅपटॉप ठेवला, गावात त्यांचं नाव घातलं आणि कुठे काय टाइप करायचं ते दाखवलं. वहिनींनी एका बोटाने सात मिनिटं खपून लिहिलं, "ताई पाणी."

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताई तांब्या घेऊन दारात आल्या. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंत?"

पाय बरा झाला तरी वहिनी गावातून हलल्या नाहीत. अजगराने "जेवलास का?" विचारलं की त्या त्याच्याशी भांडत. "विचारतोस काय मेल्या, करणार कोण? मीच ना!" टहरौलीच्या मास्तरला त्या लहान मुलगा समजून अभ्यासाचं विचारत. तो बिचारा "जी मामी जी" म्हणत राही. ताईंनी त्यांना कधीच खरं सांगितलं नाही. एका घरात दोन खोल्यांत बसून त्या दोघी दुपारभर बोलत. भावाच्या आठवणी काढत, कधीपासूनची उणीदुणी काढत, चहा कोणी करायचा यावर वाद घालत. चहा बहुतेक वहिनी करत.

ताईंना न्यूमोनिया झाला तेव्हा सगळं पाच दिवसांत आटोपलं. गुरुवारी संध्याकाळी मी ग्रंथालयात गेलो. मीही तोवर निवृत्त झालो होतो, पण नव्या ग्रंथपालाने मला कधी अडवलं नाही. गावात शिरलो. चौकात चौघे होतेच. ताई दिसत नाहीत म्हणून कोणी चेष्टा करत होतं. मी लिहिलं, "ताई आज तीन वाजता गेल्या." मग हिंदीत पुन्हा तेच लिहिलं.

मग मास्तरने विचारलं, "मामी जी के पास कौन है?"

मी लिहिलं, पड़ोस की औरतें हैं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने तो आला. टक्कल पडलेला, चष्मा लावलेला, बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी. वहिनींनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अरे, हम तो तुम्हें बच्चा समझते थे," त्या म्हणाल्या आणि त्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या. तो त्यांच्या पायाशी जमिनीवर बसून राहिला.

याला आता दोन वर्षं झाली. मुलं आपापल्या संसारात आहेत, सणावाराला डोकावतात. सर्व्हर ग्रंथालयाच्या कोपऱ्यात चालू आहे. वीज गेली की मी सायकलने जातो आणि सुरू करून येतो. दुपारी चारनंतर गावात बहुतेक दोघेच असतो, वहिनी आणि मी. त्यांचं घर माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर आहे.